घरांतील तारांगण आणि पाटणची अमावास्या

चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस सुमारें अठरा किलोमीटरांवर, सातमाळ्याच्या डोंगरांच्या कुशींत, पाटणादेवीचें स्थान आहे. आज तेथें झाडी आहे, ओढे आहेत, चंडिकेचें देऊळ आणि महादेवाचें जुनें दगडी मंदिर आहे. आणि १९८६ सालापासून हा टापू गौताळा औट्रमघाट अभयारण्यांत मोडतो. आठशें वर्षांपूर्वीं मात्र तेथें एक मठ होता आणि त्या मठांत ग्रहगणित शिकविलें जात असे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत जो शिलालेख उजेडांत आणला त्यावरून ही हकीकत समजते. ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिणारे भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यानें हा मठ स्थापिला. आणि शके ११२८ मध्यें निकुंभ वंशांतील सोइदेवानें त्यास देणगी दिली. लेखाचा बराचसा भाग संस्कृतांत आहे. पण शेवटीं बाजारांतील करांपैकीं मठास काय मिळावें हें सांगतांना तो त्या काळच्या मराठींत उतरतो. व्यवहाराची गोष्ट लोकांच्या भाषेंत सांगितलेली बरी, हें त्या काळींहि ठाऊक होतें.

ज्या जागीं आकाशाचें गणित शिकविलें गेलें, त्या जागेवरचें आकाश छायाचित्रांत धरावें, महादेवाच्या मंदिरामागें वर आलेली आकाशगंगा टिपावी, अशी इच्छा जळगांव-धुळ्याकडील हौशी छायाचित्रकारांस होणें अगदीं स्वाभाविक आहे. आणि अशी इच्छा घेऊन निघालेल्यांपैकीं पुष्कळांच्या पदरीं निराशा येते, हेंहि तितकेंच स्वाभाविक आहे. कॅमेरा उत्तम, भिंग महागाचें, रात्र निरभ्र. पण आकाशगंगा जेथें असावयास हवी तेथें डोंगर उभा. किंवा नेमका चंद्र वर आलेला. किंवा संगणकानें सांगितलेली वेळ आणि डोळ्यांपुढचें आकाश यांचा मेळच बसत नाहीं. मंडळी पहाटे डोळे चोळीत परत येतात आणि दोष यंत्राला देतात.

अशी रात्र वाया जाणें किती महाग पडतें याचा हिशेब एकदां मांडून पाहावा. आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग म्हणजे तिचा गाभा. तो धनु राशींत, मूळ आणि पूर्वाषाढा या नक्षत्रांच्या दरम्यान, विषुववृत्ताच्या सुमारें २९ अंश दक्षिणेस आहे. डिसेंबर-जानेवारींत सूर्य त्याच बाजूस असल्यामुळें तो दिसत नाहीं. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर खानदेशावर ढगांचें छप्पर असतें. ऑक्टोबरांत तो तिन्हीसांजेनंतर थोडा वेळ पश्चिमेकडे कलतांना दिसतो, इतकेंच. म्हणजे खरा हंगाम फेब्रुवारी ते मे. त्यांतहि चंद्रप्रकाश नको, म्हणून अमावास्या आणि तिच्या आगेमागेच्या चार-पांच रात्री. २०२६ सालचाच दाखला घ्यावा: १७ फेब्रुवारी, १८ मार्च, १७ एप्रिल आणि १६ मे, अशा चार काळोख्या रात्री. त्या वर्षीं अधिक ज्येष्ठ असल्यानें त्यापुढची अमावास्या १५ जूनची. तोंवर मृग नक्षत्र लागून आठवडा झालेला. वर्षाला चार संधि, आणि त्यांतल्या एकदोन वळवाच्या पावसानें किंवा धुळीनें हिरावून घेतल्या कीं उरल्या दोन. घरीं बसून रात्रीची पूर्वतयारी करणें यासाठींच अगत्याचें आहे.

ही तयारी करून देणारें साधन आज कोणाच्याहि घरीं फुकट येऊं शकतें. तारांगण म्हटलें कीं मोठा घुमट आणि मध्यभागीं प्रक्षेपण-यंत्र डोळ्यांपुढें येतें. झाइस कंपनीनें घडविलेलें तसलें पहिलें यंत्र १९२३ सालीं म्यूनिकच्या संग्रहालयांत दाखविण्यांत आलें. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें १९५४ सालीं तारांगण सुरू झालें आणि मुंबईचें नेहरू तारांगण १९७७ सालीं उघडलें. घुमटाखालीं बसावयाचें तर त्या त्या शहरीं जाणें भाग होतें. पुढें २००० च्या सुमारास फाब्यां शेरो नांवाच्या फ्रेंच प्रोग्रामरनें ‘स्टेलॅरिअम’ नांवाचें सॉफ्टवेअर लिहावयास घेतलें आणि तें कोणासहि विनामूल्य वापरतां यावें, उघडून पाहतां यावें, सुधारतां यावें अशा रीतीनें जगापुढें ठेविलें. तेव्हांपासून नाना देशांच्या स्वयंसेवकांनीं त्यांत भर घातली आहे. संगणकाच्या पडद्यावर तें आकाश उभें करतें. वाटेल त्या गांवचें, वाटेल त्या तारखेचें, वाटेल त्या घटकेचें. कॅमेऱ्याच्या संवेदकाची लांबीरुंदी आणि भिंगाचें नाभ्यंतर सांगितलें तर चित्रांत आकाशाचा नेमका किती तुकडा मावेल त्याची चौकटहि तें आंखून दाखवितें. छायाचित्रकारांसाठीं मुद्दाम केलेलीं ‘फोटोपिल्स’सारखीं दुसरीं साधनेंहि मोबाइलवर आहेत, त्यांची रीत निराळी असली तरी गणित एकच.

या साधनास विचारावयाचे प्रश्न तीन. ‘सिद्धान्तशिरोमणि’च्या गणिताध्यायांत ‘त्रिप्रश्नाधिकार’ नांवाचें एक प्रकरण आहे. ते तीन प्रश्न म्हणजे दिक्, देश आणि काल: कोणत्या दिशेस, कोणत्या ठिकाणीं, कोणत्या वेळीं. पाटणच्या मठांतील विद्यार्थ्यानें जे प्रश्न शंकूच्या छायेवरून सोडविले असतील तेच प्रश्न आजचा छायाचित्रकार पडद्यावर सोडवितो. फरक एवढाच कीं विद्यार्थ्यास तिन्हीं उत्तरें स्वतः काढावीं लागत, आणि आजचा मनुष्य तीं संगणकानें आपोआप काढलीं असें समजून चालतो. घोटाळा होतो तो येथें.

प्रथम देश. सॉफ्टवेअर उघडल्यावर तें आपण कोठें आहों याचा अंदाज इंटरनेटच्या जोडणीवरून बांधतें. तो अंदाज जळगांवच्या घरीं कित्येकदां मुंबईचा निघतो, कारण जोडणी पुरविणाऱ्याचें ठाणें तेथें असतें. अंदाज मुळींच बांधतां आला नाहीं तर तें सरळ पॅरिसचें आकाश दाखवितें. पॅरिसची चूक लगेच उमगते. ध्रुवतारा ४९ अंशांवर चढलेला पाहून कोणीहि चमकेल. मुंबईची चूक मात्र गोड बोलून फसविते. मुंबई आणि जळगांव यांच्या रेखांशांत सुमारें २.७ अंशांचें अंतर आहे. पृथ्वी एक अंश फिरावयास चार मिनिटें घेते. म्हणजे प्रत्येक उदयास्ताची वेळ जवळजवळ अकरा मिनिटांनीं चुकली. चंद्र डोंगरामागून निघतांना टिपावयाचा असेल तर अकरा मिनिटांत सारा खेळ संपतो. खुद्द खानदेशांतहि धुळें हें जळगांवच्या तीन मिनिटें मागें आहे. तेव्हां गांवाचें नांव निवडून थांबूं नये; ज्या जागीं ट्रायपॉड उभा करावयाचा त्या जागेचे अक्षांश-रेखांश नकाशावरून काढून भरावेत.

यास जुन्या ज्योतिषांत देशांतर-संस्कार म्हणत, आणि खानदेशास या बाबतींत एक मौजेचा मान आहे. भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र अशी मानलेली होती. उज्जयिनीचा रेखांश पाऊणशें अंशांच्या पुढें पाऊण अंश; भुसावळचा जवळजवळ तोच. जळगांव त्या रेषेपासून मिनिटभराच्याहि आंत आहे, आणि पाटण पश्चिमेस सुमारें तीन मिनिटांवर, म्हणजे जुन्या मापानें साडेसात पळांच्या आसपास. आजचें घड्याळ मात्र साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर चालतें. म्हणून जळगांवास घड्याळांत बारा वाजतात तेव्हां खऱ्या मध्यान्हीस सरासरीनें अठ्ठावीस मिनिटें अवकाश असतो. मध्यरात्रीचेंहि तेंच. सॉफ्टवेअरमध्यें स्थळ बरोबर असून कालविभाग चुकीचा राहिला, साडेपांच तासांचा फरक लावावयाचा राहून गेला, तर आकाश साडेब्याऐंशी अंशांहून अधिक फिरलेलें दिसेल.

आतां काल. पाटणच्या जागेसाठीं १६ मे २०२६ ची रात्र मांडून पाहिली म्हणजे साधनाचा उपयोग ध्यानांत येतो. सूर्य सायंकाळीं सातच्या सुमारास मावळतो. पण सूर्य मावळला म्हणजे काळोख झाला असें नव्हे. तो क्षितिजाखालीं १८ अंश उतरेपर्यंत पश्चिमेकडे संधिप्रकाश रेंगाळतो. त्या दिवशीं ही मर्यादा रात्रीं आठ वाजून वीस मिनिटांनीं येते. आकाशगंगेचा गाभा आग्नेयेस साडेनऊच्या किंचित आधीं उगवतो, अकराला १८ अंशांवर येतो, बाराला २८ अंशांवर, आणि पहाटे अडीचच्या पुढें कांहीं मिनिटांनीं दक्षिणेस याम्योत्तरावर पोहोंचतो. तेव्हां त्याची उंची साडेचाळीस अंश. यापेक्षां उंच तो पाटणहून केव्हांहि दिसत नाहीं. साडेचारला पूर्वेकडे पहाटेचा पहिला फिकट उजेड येतो आणि दुकान बंद करावें लागतें. प्रत्येक तारा रोज चार मिनिटें लौकर उगवतो, महिन्याला दोन तास. म्हणून याच गाभ्याचा उदय फेब्रुवारीच्या अमावास्येस पहाटे सव्वातीनच्या सुमारास, मार्चमध्यें दीडच्या आधीं, एप्रिलांत रात्रीं साडेअकराच्या आधीं. ज्यास जागरण सोसत नाहीं त्यानें मे निवडावा. ज्यास स्वच्छ, धूळ नसलेली हवा हवी त्यानें फेब्रुवारींतली थंडी सोसावी. मेच्या रात्रींहि खानदेशांत हवा तापलेली असते आणि तापलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रांत रंगीत कण अधिक उठतात, ही गोष्ट विकत घेतांना कोणी सांगत नाहीं.

घरांतील पंचांगावरून अमावास्या कळतेच. मग संगणक कशास, असें कोणी म्हणेल. अमावास्येपुरतें तें खरें आहे. परंतु पंचमीस चंद्र किती वाजतां मावळेल आणि तो मावळल्यावर गाभा वर यावयास किती वेळ उरेल, असल्या प्रश्नांस पंचांगाच्या पानावरून उत्तर काढतांना बराच हिशेब करावा लागतो. पडद्यावर काळाचें चाक पुढेंमागें फिरवून तें दिसतें.

दिशेचा प्रश्न सोपा वाटतो आणि तेथेंच पुष्कळांचे पाय घसरतात. मोबाइलमधील होकायंत्र मोटारीच्या पत्र्याजवळ, लोखंडी कठड्याजवळ बिघडतें. आणि आपल्याकडील काळ्या पाषाणांतहि लोहचुंबकीय खनिज असल्यानें एखाद्या खडकावर सुई कांहीं अंश भलतीकडे वळते. ध्रुवतारा असतां दुसऱ्या होकायंत्राची गरज नाहीं. तो आज खऱ्या ध्रुवबिंदूपासून अंशाच्या दोन-तृतीयांशाहून कमी दूर आहे आणि त्याची उंची जागेच्या अक्षांशाइतकी, म्हणजे जळगांवास २१ अंश, तोरणमाळास जवळजवळ २२. याच सॉफ्टवेअरमध्यें वर्ष मागें नेऊन ११५० केलें, म्हणजे ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला गेला तें वर्ष, तर हाच तारा ध्रुवबिंदूपासून सुमारें पांच अंश दूर दिसतो. त्या काळीं रात्रभर लक्ष ठेवणाऱ्यास ध्रुव ढळतांना दिसला असता. पृथ्वीचा अक्ष भोंवऱ्यासारखा डुलतो त्याचा हा परिणाम. कथेंतला ध्रुव अढळ आहे तो असो.

दिशेचा विचार दिव्यांसाठींहि करावा लागतो. खानदेशची रचना अशी कीं मधोमध तापीचें सपाट खोरें, त्यांत भुसावळ, जळगांव, धुळें यांसारखीं झगमगणारीं शहरें; उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग. आकाशगंगेचा गाभा दक्षिणेकडे दिसतो. म्हणून सातपुड्यांतील पाल येथून तो टिपूं गेल्यास अख्ख्या खोऱ्यांतील दिव्यांची पिवळी झांक त्याच्या खालीं पसरलेली असते. तोच मनुष्य दक्षिणेकडील डोंगराच्या पायथ्याशीं गेला तर शहरें पाठीमागें राहतात. धुळेकरांस हें लळिंगच्या किल्ल्यावरून अनुभवतां येतें. शहर उत्तरेस, आणि तोंड दक्षिणेस. उलट, ध्रुवाभोंवतीं तारे फिरतांना ज्या वर्तुळाकार रेषा उमटतात त्या टिपावयाच्या असतील तर उत्तरेकडे पाहावयाचें. मग सातपुडाच बरा, तोरणमाळ उत्तम. हा साधा विवेक सॉफ्टवेअर करून देत नाहीं. दिव्यांच्या प्रकाशानें आकाश किती फिकें होतें त्याची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी जॉन बॉर्टल यांनीं २००१ सालीं सुचविली, आणि ती स्टेलॅरिअममध्यें निवडतां येते. पण ती निवडल्यानें सारेंच आकाश सारखें फिकें होतें, कोणती बाजू उजळलेली आहे तें ती सांगत नाहीं.

येथवर तीन प्रश्न झाले. चौथी गोष्ट उरते आणि तीच पाटणला निर्णायक ठरते. पडद्यावरचें क्षितिज सपाट असतें. हिरवळ आणि दूरवर चारदोन झाडें असा एक मोकळा देखावा तेथें मूळचाच मांडलेला असतो. त्या देखाव्याचा पाटणशीं कांहीं संबंध नाहीं. पाटणच्या दक्षिण अंगास डोंगर आहे. सॉफ्टवेअर साडेनऊच्या आधीं गाभा उगवला म्हणतें तेव्हां तें खोटें बोलत नसतें; डोंगर नसता तर तो उगवलाच असता.

याचा सर्वांत मोठा फटका त्रिशंकूच्या बाबतींत बसतो. दक्षिणेकडील हा सुंदर चौकोन पाहावयास मिळावा ही पुष्कळांची हौस. योग असा कीं पाटणच्या आकाशांत ज्या क्षणीं आकाशगंगेचा गाभा आग्नेयेस उगवतो जवळजवळ त्याच क्षणीं त्रिशंकू बरोबर दक्षिणेस आपल्या सर्वोच्च स्थानीं असतो. पडद्यावर हा देखावा पाहून मन हरखून जातें. पण त्याच्या पायाचा तारा त्या वेळीं अवघा साडेसहा अंशांवर आणि माथ्याचा साडेबारा अंशांवर. देवळाच्या आवारांतून दक्षिणेकडील डोंगर पंधरा अंश भरला तर त्रिशंकू अख्खाच्या अख्खा त्याच्या पोटांत, आणि गाभ्याचें दर्शन सव्वा तास उशिरां, पावणेअकराच्या सुमारास.

डोंगर किती अंश भरतो हें मोजावयास पैसे पडत नाहींत. हात पूर्ण लांब करून मूठ धरली कीं तिची रुंदी सुमारें दहा अंश. करंगळीचें टोंक एक अंश. दिवसां जाऊन, देऊळ ज्या कोनांतून घ्यावयाचें तेथें उभें राहून, आग्नेयेपासून नैर्ऋत्येपर्यंत डोंगराची उंची दर दहा-पंधरा अंशांवर मुठींनीं मोजावी आणि वहींत टिपावी. भास्कराचार्यांनीं ‘गोलाध्याया’ंत वेळूच्या कामट्यांनीं खगोल बांधावयास सांगितला आहे, फलकयंत्रासारखीं यंत्रें वर्णिलीं आहेत. आणि सर्वांत श्रेष्ठ यंत्र कोणतें तर धीयंत्र, असें म्हटलें आहे. हातांत एक काठी असली कीं बुद्धिमान मनुष्यास वेळूची उंची आणि अंतर काढतां येतें. मूठ ही काठीचीच धाकटी बहीण. ज्यांस अधिक नेटकेपणा हवा त्यांनीं त्या जागेचें चौफेर छायाचित्र घेऊन तेंच सॉफ्टवेअरमध्यें क्षितिज म्हणून बसवावें. तशी सोय त्यांत आहे. मग पडद्यावरच्या पाटणलाहि डोंगर येतो.

एकदां डोंगराचे अंश हातीं आले म्हणजे पुढची बुद्धि सुचते. एक किलोमीटरावरचा जो डोंगर पंधरा अंश भरतो तोच तीन किलोमीटरांवरून पांच अंश भरेल. म्हणजे दोन किलोमीटर उत्तरेस, चाळीसगांवच्या अंगास, एखाद्या शेताच्या बांधावर मागें सरलें तर डोंगर ठेंगणा होतो, गाभा पन्नास मिनिटें लौकर हातीं लागतो, आणि डोंगराच्या माथ्यावर दीड अंश मोकळी जागा ठेवून त्रिशंकू उभा राहिलेला सांपडतो. देऊळ मात्र चित्रांतून जातें. देऊळ हवें कीं त्रिशंकू, हें ज्याचें त्यानें ठरवावें. पण तें घरीं, दिवाणखान्यांतल्या दिव्याखालीं ठरवितां येतें, आणि अमावास्येच्या रात्रीं काळोखांत धांवाधांव करून ठरवावें लागत नाहीं. शेतांत थांबावयाचें तर शेतकऱ्यास विचारावें. अभयारण्याच्या हद्दींत रात्रीं राहावयाचें तर वनखात्याची परवानगी आधीं काढावी. गौताळ्यांत बिबटे आहेत. काळोखांत जागा शोधीत भटकण्यापेक्षां ती आधीं ठरलेली असणें जिवाच्याहि हिताचें आहे.

प्रकाशनाचा काळ किती ठेवावा याचा ठोकताळा छायाचित्रकार पांचशें या आंकड्यानें सांगतात: पांचशेंस भिंगाच्या नाभ्यंतरानें भागावें, म्हणजे वीस मिलिमीटरांच्या भिंगास पंचवीस सेकंद. त्यापुढें तारे ठिपके न राहतां रेघोट्या होतात. हा नियम फिल्मच्या काळीं पुरत असे. आजच्या दाट संवेदकांस तीनशें धरून पंधरा सेकंद घेणें शहाणपणाचें. बाकी आयएसओ ३२०० च्या आसपास ठेवावा, भिंग पूर्ण उघडें, आणि नाभीयन एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर हातानें. ढगांविषयीं सॉफ्टवेअरास कांहींच ठाऊक नसतें. निघण्यापूर्वीं भारतीय हवामान खात्याचें उपग्रह-चित्र पाहावें.

आकाशगंगेच्या छायाचित्रांचा हल्लीं सुकाळ आहे आणि त्यांतील कित्येक दोन ठिकाणचीं चित्रें एकावर एक चिकटवून केलेलीं असतात. देऊळ एकीकडचें, आकाश दुसरीकडचें. तें कला म्हणून दाखविलें आणि तसें सांगितलें तर हरकत कोणाचीच नाहीं. न सांगतां दाखविलें तर ती लबाडी. ज्यास घरांतल्या तारांगणावर दहा मिनिटें घालवितां येतात त्यास अशी लबाडी पकडतां येते. खानदेशांतल्या देवळाच्या उत्तर बाजूस गाभा दिसतो आहे? अशक्य. गाभा डोक्यावर सरळ उभा आहे? अशक्य, एकेचाळीस अंशांच्या वर तो येथें चढतच नाहीं. चित्राखालीं नोव्हेंबरची मध्यरात्र लिहिली आहे? त्या वेळीं गाभा क्षितिजाखालीं असतो. पूर्वीं गणितानें आलेला ग्रह डोळ्यांस तेथेंच दिसतो कीं नाहीं हें ताडून पाहण्यास दृक्प्रत्यय म्हणत, आणि पंचांगांच्या शुद्धाशुद्धतेचे वाद त्यावरच होत. येथें उलट आहे. डोळ्यांनीं पाहिलेल्या चित्राचा खरेखोटेपणा गणितानें ताडावयाचा आहे.

मेच्या त्या रात्रीं, सारें जमून आलें तर, काम पावणेअकराला सुरू होतें आणि साडेचारला संपतें. पण पूर्वेचा उजेड वाढूं लागल्यावर लगेच कॅमेरा पेटींत घालूं नये. भिंगावर झांकण लावून, तितकेच सेकंद ठेवून, वीस-पंचवीस छायाचित्रें काळोखाचीं घ्यावीं. तापलेल्या संवेदकानें आपल्या पदरचे किती कण मिसळले त्याची नोंद त्यांत राहते आणि मागाहून ती मूळ चित्रांतून वजा करतां येते. ती मोजणी चालूं असतां हात रिकामे असतात. तेवढ्यांत वही काढून, डोंगरामागून गाभा प्रत्यक्ष किती वाजतां निघाला ती वेळ, मुठींनीं काढलेल्या वेळेशेजारीं लिहून ठेवावी. पुढच्या फेब्रुवारीच्या अमावास्येस तीच उपयोगीं पडते.